शिकायची बाजू

पांढुर्णा
दि. ४ डिसेंबर १९८७

चि. दिलीप यास गुणवंतकाकाचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला ठेवलं असशील, तर मी तुला बोल लावणार नाही. उघडलं असशील तर खुशाली कळवतो. माझी तब्येत ठीक आहे, गुडघे तेवढे थंडीत कुरकुरतात. उषा सूनबाईही बरी आहे. तुझ्या आईची मागच्या आठवड्यात मोहगावला गाठ पडली. तुझा पुण्याचा पत्ता तिनेच लिहून दिला. पत्ता दिला, पण चहाचं विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

माझ्या मोरूला जाऊन येत्या माघात वर्ष होईल.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मी तुमचं मायक्रोप्रोसेसरचं किट शिकून राहिलो. हसू नको. संत्र्याच्या बगीच्यातल्या मोटरच्या खोलीत तू अन् मोरूने बसवलेली ती हिरवी पाटी, बटणं आणि सहा लाल आकड्यांची, तीच. चौतीस वर्षं तिगावच्या लायनीवर सिग्नलच्या तारा अन् लिव्हर सांभाळलेला माणूस आता बासष्टाव्या वर्षी बटणं दाबून आकडे भरतो. मोरूने हाताने लिहिलेला तक्ता आहे माझ्याजवळ. नवानंतर दहा नाही, ए येतो, मग बी, असं एफपर्यंत. हे पचायलाच मला एक महिना लागला. पण एकदा पचल्यावर गोडी लागली. ३ई म्हणजे पुढचा आकडा हातात घे. सी३ म्हणजे अमुक घरी जा. ७६ म्हणजे थांब. मधे कोणी नाही. आपण सांगायचं अन् त्याने करायचं. एक आकडा चुकला तर ते रागावत नाही, विचारत नाही, चुकीचं तेच तेवढ्याच इमानाने करतं. रेल्वेत हाताखाली असा एकही खलाशी मला मिळाला नाही.

आता अडचण सांगतो. किटला तू एक छोटा स्विच लावून दिला होतास. एकीकडे कामाची बाजू, म्हणजे तुझा मोटरचा प्रोग्राम: लाईट आली की पाच मिनिटं थांबायचं, विहिरीतलं पाणी पाहायचं, मग मोटर लावायची. दुसरीकडे शिकायची बाजू, जिथे आपल्याला बटणांनी आकडे भरता येतात. मी शिकायच्या बाजूला असतो. त्या बाजूला लाईट आल्याबरोबर किटवर लाल आडवी रेघ उमटते, अन् त्याच क्षणी भिंतीवरचा मोटरचा स्टार्टर खटाक करून आत बसतो. मी एकही बटण दाबलेलं नसतं. लाईट गेली की पुन्हा खटाक करून सुटतो. मोटर आता विहिरीत नाही, ती वर काढून घरच्या अंगणात झाकून ठेवली आहे. तरी स्टार्टर बसतो.

हे असं का होतं, एवढंच तुला विचारायचं आहे.

या आवाजामुळे इकडे बरंच काही होऊन बसलं आहे, म्हणून विचारतो. शकुबाई तुला आठवत असेल, संत्री तोडणाऱ्या बायांची म्होरकी. मागच्या मृगबहाराच्या तोडणीच्या वेळी ती बाया घेऊन आली, अर्धी ओळ तोडली, तेवढ्यात लाईट आली. खटाक झालं. बाया टोपल्या टाकून रस्त्यावर. शकुबाई मला म्हणाली, "मोरूभाऊ आहेत जी तिथं. लाईन आली का मोटर लावून राहिले. आम्ही नाही येत आता." मग कोणीच आलं नाही. फळ झाडावरच पिकलं, मऊ झालं, खाली पडलं. दोन महिने बगीच्यात असा गोड कुजका वास होता की पांढुर्ण्याच्या रस्त्यावरून जाणारे सायकलवाले नाकाला दुपट्टा लावायचे. यंदा झाडांना पाणीही नाही. पानं आतल्या बाजूने वळली आहेत.

मोरू विहिरीत गेला त्या दिवशी मेन स्विच खाली पाडलेला होता अन् तरी मोटर चालली, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक धावत आले तेव्हा मेनचा दांडा खालीच होता. तो सगळ्यांनी पाहिला. पंचनाम्यातही तसंच आहे. त्यामुळे शकुबाईला काय समजावणार?

उषा रोज दुपारी त्या खोलीत जाऊन बसते. सुरुवातीला मला वाटलं, रडायला जागा पाहिजे असेल. आता रडत नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना सांगते, "मामाजी, आज ते तीनदा आले." मी मान हलवतो.

सवडीने उत्तर दे. मागचं जे आहे त्याबद्दल लिहायला बसलो तर हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणून आज लिहीत नाही.

तुझा,
गुणवंतकाका

*

पांढुर्णा
दि. ६ जानेवारी १९८८

चि. दिलीप यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तर येईल याची खात्री नव्हती, म्हणून दोनदा वाचलं. आकृतीही समजली. ती मी वहीत पुन्हा काढली.

मला समजलं ते असं, चुकलं असेल तर सांग. किटमधून बाहेर जाणाऱ्या ज्या तारा आहेत, त्यांना जोवर कोणी काही सांगत नाही तोवर त्या अधांतरी असतात. आणि तू जशी जोडणी केली, त्यात अधांतरी तार स्टार्टर ओढणाऱ्या रिलेला "लाव" अशीच ऐकू येते. कामाच्या बाजूला तुझा प्रोग्राम जागा झाल्याबरोबर पहिलं काम हेच करतो, त्या तारेला "बंद" म्हणून सांगतो. ते इतक्या लवकर होतं की रिलेला हलायलाही वेळ मिळत नाही. शिकायच्या बाजूला सांगणारं कोणी नसतं. म्हणून स्टार्टर बसतो.

दिलीप, हे वाचून मला आमचा सिग्नल आठवला. आमच्या सिग्नलच्या हाताला मागे एक वजन असतं. तार ओढून धरली तर हात पडतो, गाडीला जा म्हणतो. तार तुटली, कापली, कोणी झोपलं, कोणी मेलं, तर ते वजन हाताला उचलून आडवं करतं. आडवा हात म्हणजे थांब. कोणी बोलत नसेल तर थांब. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. तुमच्या पाटीत कोणी बोलत नसेल तर जा. हे मी चूक काढायला लिहीत नाही, नुसतं लिहून राहिलो.

तू लिहिलंस की म्हणूनच स्टार्टरच्या तारेत तू एक वेगळा खटका बसवला होता, आणि शिकायला बसायच्या आधी तो पाडत जा असं मोरूला सांगितलं होतं. होय, तो खटका आहे. काळा, दाराजवळ, मेन स्विचच्या खाली. मोरू मलाही सांगत असे.

आता दुसरं विचारायचं आहे. लाईट गेली की आपण भरलेले आकडे पुसले जातात, हे मला माहीत आहे. पण परत आल्यावर आकडे ठेवायची ती घरं रिकामी नसतात, त्यात काहीतरी असतं. मी ते वाचायला लागलो. रोज लाईट आली की एक एक घर उघडायचं अन् आकडा वहीत उतरवायचा. दोन वह्या भरल्या. आधी वाटलं कचरा आहे. मग दिसलं की तो रोज तोच नसतो, पण अगदी वेगळाही नसतो. काही घरांत तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो, जसा एखादा माणूस बसायला नेहमी तीच जागा धरतो. परवा सलग पाच घरांत मला ३ई, ००, डी३, अन् पुढे दोन आकडे असे दिसले की तो कचरा वाटेना. मोरू ओळ अशीच सुरू करायचा. मी वहीच्या त्या पानावर हात ठेवून बसलो होतो. लाईट गेली, खटाक झालं अन् मी दचकून उठलो. उषा दारात उभी होती. ती म्हणाली, "काय लिहून राहिले ते?"

मी म्हटलं, काही नाही, आकडे.

"त्यांचे?"

मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही.

वर्षभरानंतर त्या चिपमधे काही उरू शकतं का, हे मला साफ लिही. उरत नसेल तर उरत नाही असं लिही.

उषाचा भाऊ सौंसरहून आला होता. सौंसरजवळच्या मोहगावच्या शाळेत शिशुवर्गावर जागा निघाली आहे, त्याचा फॉर्म घेऊन आला. ती मॅट्रिक आहे, वय बसतं, पोरंबाळं नाहीत. तिने फॉर्म ठेवून घेतला अन् दुपारी बगीच्यात गेली. मी मागून गेलो. ती खोलीत खाली बसून स्टार्टरकडे पाहून हळू बोलत होती. "मी सौंसरला जाऊ का? नको असन तर सांगा." सकाळपासून लाईट नव्हती. ती न जेवता चार वाजेपर्यंत बसली. चार वाजता लाईट आली. खटाक झालं. तिने फॉर्मची घडी केली, चोळीत ठेवली, घरी आली अन् भावाला म्हणाली, "मी नाही येत. नको म्हणतात ते."

भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला वाटलं मीच नको म्हटलं.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीत तू विचारलंस, "काकाजी, त्या दिवशी तो खटका पाडलेला होता का?" याचं उत्तर लिहिणार होतो, पण अंतर्देशीय पत्राला जागाच एवढी. पुढच्या वेळी लिहितो.

तुझा,
गुणवंतकाका

*

पांढुर्णा
दि. १६ फेब्रुवारी १९८८

दिलीप,

या वेळी पाकीट घेतलं आहे, कागद भरपूर आहेत.

तो खटका पाडलेला नव्हता. अन् मेन स्विचही खाली नव्हता.

हे तुला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, पण आधी उषाला सांगावं लागलं. ते कसं झालं तेही लिहितो, कारण तसं झालं नसतं तर मी कोणालाच सांगितलं नसतं. माझी मला एवढी ओळख आहे.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मी जेवून बगीच्यात गेलो. एक वाजला असेल. हवेत पान हलत नव्हतं. सकाळपासून लाईट नव्हती. खोलीत उषा नव्हती. बाहेर आलो तर विहिरीच्या काठाला तिच्या चपला, एकीला एक लावून ठेवलेल्या. मी वाकून पाहिलं. आत वीस फुटांवर तो आडवा लोखंडी गर्डर आहे ना, ज्यावर आपला पंप बसवलेला होता, त्यावर ती पाय खाली सोडून बसली होती. भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या धरून उतरली असावी. खाली काळं पाणी. तिच्या लुगड्याचा काठ ओला झाला होता.

मी हळूच हाक मारली, दचकू नये म्हणून.

ती वर न पाहता म्हणाली, "मामाजी, इथून चांगलं ऐकू येते."

"काय ऐकू येते माय?"

"खटाक वाजायच्या आधी ते श्वास घेतात. वर खोलीत नाही समजत. इथं समजते."

मी म्हटलं, वर ये, जेवायचं राहिलं तुझं. तर म्हणाली, "थांबा थोडं. मी त्यांना विचारलं, येऊ का तुमच्याकडं म्हणून. लाईन आली का समजन."

तिचा आवाज अगदी साधा होता. बाजारात जाऊ का विचारावं तसा. दिलीप, मी सिग्नलवर असताना दोन गाड्या एका लायनीवर समोरासमोर येताना एकदा पाहिल्या आहेत, त्या वेळी थांबल्या. त्या दिवशी निदान हातात लिव्हर होता. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. पाच मिनिटांत येईल, संध्याकाळी येईल. अन् आली की तो स्टार्टर "ये" म्हणणार.

खोली वीस पावलांवर आहे. मी धावलो, मेनचा दांडा खाली पाडला अन् परत आलो. म्हटलं, "उषा, आता नाही वाजणार. मी मेन पाडून आलो."

तेव्हा तिने वर पाहिलं. थोडी हसल्यासारखी झाली.

"मेन पाडला तरी ते येतात, मामाजी. त्या दिवशी पाडलेलाच होता. तुम्हीच तर सांगितलं."

मी काठावर बसलो. मी म्हटलं, "नव्हता."

"काय नव्हता?"

"मेन पाडलेला नव्हता. मी वर केला होता. मोरू खाली असताना."

मग मी सगळं सांगितलं, तिथेच, काठावरून खाली वाकून. तेच आता तुला सांगतो.

त्या दिवशी पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दोरी ठासलेल्या तोंडातून, पाणी गळत होतं. मोरू ग्लँडची दोरी बदलायला उतरला. उतरण्याआधी ओरडून म्हणाला, "बाबा, मेन पाडा." मी पाडला. तो उतरला. मी खोलीत एकटा बसलो. समोर किट. माझ्या खिशात कागद. चार दिवस खपून मी माझ्या मनाने पहिला प्रोग्राम लिहिला होता, कोणालाही न विचारता. शून्यापासून नवापर्यंत मोजायचं अन् थांबायचं. एकवीस आकडे. मोरूला माहीत नव्हतं. तो वर येईल तेव्हा किट मोजत असेल अन् तो पाहील, असं माझ्या मनात होतं. किटला वीज पाहिजे. ती मेनमधूनच येते. मी विचार केला, मोटर आपोआप लागते ती तुझ्या प्रोग्रामने. मी तर शिकायच्या बाजूला आहे. माझ्या एकवीस आकड्यांत मोटरचं नावही नाही. मग मोटर कशी लागेल? चौतीस वर्षं लिव्हरला "काम चालू"ची पाटी लावल्याशिवाय हात न लावणारा माणूस मी. स्विच शिकायच्या बाजूला केला अन् दांडा वर केला.

खटका पाडायचा असतो हे मला माहीत होतं. का पाडायचा ते माहीत नव्हतं. अन् का ते माहीत नसलेली गोष्ट माणूस एखाद्या दिवशी विसरतो.

लाल रेघ उमटली अन् त्याच क्षणी विहिरीतून मोटरचा आवाज आला. मी दांडा पाडला. मी नंतर किती वेळा मोजून पाहिलं, चार सेकंदांच्या वर नसेल. मोरूच्या गळ्यात दुपट्टा होता. तो मोटर अन् पंपाच्या मधल्या जोडात गेला. बाकी तू पाहिलं आहेस, त्याला वर काढताना तू होतास.

लोक आले तेव्हा दांडा खाली होता. कोणीतरी म्हणालं, अरे मेन तर पाडलेला आहे, मग मोटर चाललीच कशी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, पाडलेलाच होता." एवढंच बोललो. पुढचं सगळं लोकांनी बोललं, मी फक्त नाही म्हटलं नाही. अन् तेराव्याच्या दिवशी तू दारात आलास तेव्हा पन्नास माणसांसमोर मी तुला म्हटलं की तुझ्या पेटीनं माझा पोरगा खाल्ला, पुन्हा या घरात पाऊल टाकू नको. तू मान खाली घालून गेलास. एकदाही विचारलं नाहीस की खटका पाडला होता का. मला वाटतं तेव्हा तू स्वतःलाच दोषी धरत होतास. मी ते पाहिलं अन् मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

वर्षभर मी तो खटका वरच राहू दिला. पाडला असता तर आवाज बंद झाला असता. आवाज बंद झाला असता तर लोकांनी विचारलं असतं, काय बदललं?

तर उषा. माझं बोलून झाल्यावर ती उठली. मग पायऱ्या धरून वर आली. मी हात दिला, तो तिने घेतला नाही. खोलीत जाऊन म्हणाली, "दाखवा."

मेनच्या अलीकडे एक बल्ब लावलेला आहे, लाईट आली की तो पेटतो. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत बसलो. पावणेचारला पेटला. तिने स्वतः दांडा वर केला. खटाक. खाली केला. खटाक. पुन्हा वर, पुन्हा खाली. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग मी तिला काळा खटका दाखवला. तो तिने पाडला अन् मेन वर केला. किटवर रेघ उमटली. बाकी काही नाही. ती त्या रेघेकडे पाहत राहिली.

"त्यांना माहीत होतं हे?"

"हो. मले सांगून ठेवलं होतं, खटका पाडत जा म्हणून."

"अन् त्या वहीतले आकडे?"

तुझं दुसरं पत्र तोवर आलं होतं, वर्षभरानंतर तिथे कोणाचंही काही उरत नाही असं तू साफ लिहिलं होतंस. मी म्हटलं, "त्याचे नाहीत. कोणाचेच नाहीत."

ती म्हणाली, "मी वर्षभर एका यंत्रासोबत बोलून राहिली होती. अन् तुम्ही रोज संध्याकाळी मान हलवत होते."



मागच्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. तीच पन्नास माणसं होती. पानं उठायच्या आधी मी उभा राहिलो अन् सगळं सांगितलं, मेनचं, खटक्याचं, तुझं नाव घेऊन सांगितलं की दिलीपची चूक नव्हती. तुला वाटेल लोक चिडले असतील. कोणी चिडलं नाही. दोघातिघांनी मला धरून खाली बसवलं. एकाने पाणी दिलं. शकुबाई दारात उभी होती, ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोराच्या दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. आता सारं आपल्या आंगावर घेऊन राहिले." दिलीप, कोणीही विश्वास ठेवला नाही. वर्षभर खोटं बोललो तेव्हा ठेवला. ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. तिथे काय होईल ते होवो.

स्टार्टर मी भिंतीवरून काढून घरी आणला, पत्र्याच्या पेटीत ठेवला. किटचीही वीज तोडली. खोलीत आता वाजेल असं काही नाही. तरी परवा दुपारी शकुबाईच्या बाया सांगत आल्या की लाईन आली तेव्हा खटाक झालं, चौघींनी ऐकलं. मी त्यांना खोटं म्हटलं नाही. ती गोष्ट मीच त्यांना दिली आहे, आता ती माझ्या सांगण्याने परत येणार नाही. अन् तुझ्यापासून लपवत नाही, काल तीन वाजता मी ओसाड खोलीत उभा होतो, बल्ब पेटला, अन् मलाही तो आवाज ऐकू आला. बाहेर नाही, भिंतीत. मी भिंतीला हात लावून पाहिला. भिंत उन्हाने गरम होती, एवढंच.

एक गोष्ट सिग्नलवाला म्हणून सांगतो, बाप म्हणून नाही. पुढच्या कोणत्याही पेटीत तार अधांतरी असली तर यंत्र थांबलं पाहिजे, अशीच जोडणी कर. ते तुझ्याकडून राहिलं होतं. पण ती चूक अन् मोरूचा जीव यांच्यामधे तू एक खटका बसवला होतास. तो पाडायचं काम माझं होतं.

उषा शनिवारी सौंसरला गेली. सकाळी उठून तिने स्वयंपाक केला, मला वाढलं, भांडी घासली, मग ट्रंक बाहेर ठेवली. भाऊ बसस्टँडवर आला होता. मोहगावचा तो फॉर्म तिने भरला आहे, बहुतेक जागा मिळेल. जाताना पाया पडली नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. दारातून म्हणाली, "दिलीपभाऊंचा पत्ता द्या. मला त्यांना काही विचारायचं आहे." मी कागदावर लिहून दिला.

ती तुला काय विचारणार आहे ते मला माहीत नाही. कदाचित विचारेल की चार सेकंदांत त्याला काही कळलं असेल का. कदाचित माझ्याबद्दल विचारेल, की हे माणसाकडून होऊ शकतं का. तू स्वभावाने मऊ आहेस, म्हाताऱ्याची बाजू सावरून लिहिशील. तसं लिहू नको. तिला वर्षभर सावरून बोलणारी माणसंच भेटली, त्यात मी पहिला. जे खरं असेल तेच लिही, अन् माझ्याबद्दल जे वाटतं तेही लिही.

घरात ये असं म्हणायचा हक्क मी तेराव्याच्या दिवशीच गमावला. तुझ्या आईकडे मी उद्या मोहगावला जाऊन येतो. तिने दारात उभं केलं नाही तर अंगणातून सांगेन.

तुझ्यावर खोटा आळ घेऊन वर्षभर गप्प राहिलेला,
मोरेश्वरचा बाप
गुणवंता